तानुबाईंची बोलणी

आमच्या आत्याबाईंच्या हाताला चव नाही. मी त्यांची सून असून हे लिहिते आहे, आणि त्यांना वाचून दाखवलं तर त्या स्वतःच मान डोलावतील. घरी त्यांनी केलेली आमटी मामंजी मुकाट्यानं खातात, माझा नवरा हनुमंत तीत लिंबू पिळून घेतो, आणि मी आमटीपेक्षा चटणीवर भर देते. तरीही कवठे येमाईपासून पार दौंडपर्यंत कुणाच्या घरी लग्नाचं जेवण ठरायचं झालं की लोक म्हणतात, "आधी तानुबाईला फोन लावा." त्यांना तारीख मोकळी आहे का ते विचारून मग मुहूर्त धरणारी घरं मी पाहिली आहेत.

हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मामंजींच्या वडलांची मेंढरं होती. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरातली माणसं दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायची. रोज नवं गाव, रोज कुणाचं तरी वावर. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची म्हणजे त्याला खत मिळतं आणि आपल्याला रात्रीपुरती जागा. पण ते आधी पटवून द्यावं लागतं. पुरुष माणसं कळपापाशी थांबायची आणि सतरा-अठरा वर्षांची तानुबाई घागर घेऊन परक्या घराच्या दारात जाऊन उभी राहायची.

"पाणी मागायला गेलं की बाई आधी आपल्या पायाकडं बघती," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "मग तोंडाकडं. तेवढ्यात आपण तिच्या दारातलं कायतरी बघून ठेवायचं. तुळस वाळलीय, का लेकरू रडतंय, का जनावर आजारी हाय. त्याचं इचारायचं. पाणी मागून मिळतं, पण इचारलं की बसायला पोतं मिळतं."

पुढं मेंढरं गेली. गावात थोडी जमीन होती, तिच्यावर घर बसलं. हनुमंत शाळेत जायला लागला आणि आत्याबाई लोकांच्या लग्नात पुऱ्या लाटायला जायला लागल्या. गावात बबनराव नावाचे आचारी होते. आजूबाजूच्या दहा गावांत त्यांच्या बुंदीचं नाव होतं आणि रागाचंही. पुऱ्या लाटणाऱ्या बायका त्यांच्यासमोर आवाज काढत नसत.

मलठणच्या एका लग्नात मुलीच्या चुलत्यानं चारचौघांत भाताचं शीत दाबून पाहिलं आणि म्हणाला, "आचारी, भात कच्चा हाय. वऱ्हाडाला काय तांदूळ चघळायला द्यायचे का?" बबनरावांनी हातातला झारा खाली ठेवला, खांद्यावरचा पंचा झटकला आणि लिंबाखाली जाऊन बसले. वऱ्हाड दारात आलेलं. मुलीचा बाप आचाऱ्याला उठा म्हणायला तयार नाही, आचारी उठायला तयार नाही.

आत्याबाई पुऱ्यांवरून उठल्या. एका ताटलीत चार शितं घेऊन त्या चुलत्याकडं गेल्या. "काका, तुमी जाणते. आणखी किती वाफ द्यायची ते तुमीच हात लावून सांगा." काकांनी पुन्हा शीत दाबलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "थोडी. चव चांगलीय, वाफ थोडी कमी हाय." मग आत्याबाई लिंबाखाली गेल्या. "आण्णा, काका म्हणत्यात चव लई चांगलीय, असा भात ह्या गावात झाला न्हाई. वाफ तेवढी द्या म्हणत्यात." यातलं निम्मं त्यांच्या पदरचं होतं. बबनराव उठले.

त्या संध्याकाळी भांडी भरताना बबनराव त्यांना म्हणाले, "हितनं पुढं लोकांशी बोलायचं काम तुझं. मी कढई बघतो." तेव्हापासून घरोघर जाऊन जेवणाची बोलणी करायला आत्याबाई जायला लागल्या. लोकांनाही बरं वाटलं, कारण बबनरावांशी बोलायला त्यांना भीती वाटायची.

काही वर्षांनी बबनरावांचे गुडघे गेले आणि ते मुलाकडं हडपसरला राहायला गेले. जाताना मोठी पातेली आणि कढया आत्याबाईंकडं ठेवून गेले. त्यांच्या हाताखालच्या पुरुषांना आत्याबाईंनी विचारलं, तर ते म्हणाले, बाईच्या हाताखाली काम करायचं म्हंजी कसं दिसतं ते. आणि एकेक करून दुसऱ्या आचाऱ्यांकडं गेले.

भांडी होती, लोक बोलवत होते, स्वयंपाक करणारं कुणी नव्हतं. तेव्हा आत्याबाईंना भागुबाईची आठवण झाली.

भागुबाई आमच्या गल्लीच्या टोकाला भावाच्या घरी राहायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. वयानं आत्याबाईंच्याच बरोबरीच्या. बोलणं एकदम कमी, चेहऱ्यावरून आत काय चाललंय ते कळायचं नाही. पण त्यांनी मसाला भाजायला घेतला की गल्लीतली माणसं आपापल्या ताटावरून मान वर करायची. आत्याबाई दुपारच्या वेळी त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन बसायला लागल्या. लसूण सोलायच्या, शेंगा फोडायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या. कामाचं काढलं तेव्हा भागुबाई म्हणाल्या, "मला लोकांपुढं उभं राहायला जमायचं न्हाई, तानू."

"तू चुलाणापुढं उभी राहा," आत्याबाई म्हणाल्या. "लोकांपुढं मी राहते."

असं ते ठरलं. गल्लीतल्या आणखी चार-पाच जणी आल्या. पहिल्या वर्षी बारशी आणि वाढदिवस, मग साखरपुडे, मग लग्नं. मी लग्न होऊन आले तोपर्यंत त्यांचं बस्तान बसलं होतं. माझं माहेर दौंड तालुक्यातलं पारगाव. तिथून बी.ए. करून आलेली मी, मला वाटलं होतं सासूबाई जेवणाच्या ऑर्डरी घेतात म्हणजे घरात लाडू-चिवड्याची चंगळ असणार. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की घरात आत्याबाई स्वतः स्वयंपाक करतात.

मला त्या बोलणीला बरोबर न्यायला लागल्या, कारण मला लिहिता-वाचता येतं आणि कंपनीतल्या साहेबांशी हिंदीतून बोलता येतं. रांजणगावच्या कारखान्यांमधून पूजेची, निरोप समारंभाची कामं यायची. आत्याबाईंचं हिंदी त्यांचं स्वतःचं होतं. "साब, तुमारे में मिरची खानेवाला कितना आदमी हय और नई खानेवाला कितना?" साहेब हसायचा आणि खरोखर मोजायला लागायचा.

गावातल्या घरांमध्ये त्यांची रीत वेगळी होती. पाणी पिऊन झालं, पोरीचं सासर कुठलं ते विचारून झालं, की त्या घरातल्या बायकांकडं वळायच्या आणि हळूच विचारायच्या, "तुमच्यात रुसणारं कोण हाय?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काम गेलं हातचं. पण त्या घरातली थोरली सून लगेच म्हणाली, "आमच्या आत्यासासूबाई. त्यांना पहिल्या पंगतीला न्हाई बसवलं की संपलं." मग दुसरी म्हणाली, "आन् धाकटे मामा. त्यांना कुणी या म्हणायला गेलं न्हाई की उपाशी जात्यात." आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. लग्नाच्या दिवशी आत्यासासूबाई पहिल्या पंगतीत मधल्या खुर्चीवर होत्या, आणि धाकट्या मामांना बोलवायला आत्याबाई जातीनं गेल्या होत्या.

"जेवण चांगलं झालं का वाईट ते आमटीवर ठरत न्हाई गं प्रतिभा," त्या मला म्हणायच्या. "कोण उपाशी गेलं, त्याच्यावर ठरतं."

त्यांचं हे म्हणणं भागुबाईही ऐकत असायच्या.

लॉकडाऊन उठून लग्नं पुन्हा मोठी व्हायला लागली त्या हंगामात केंदूरहून बापूसाहेबांचा निरोप आला. गावात मोठी जमीन, सोसायटीत वजन. त्यांची एकुलती एक मुलगी, अनुपमा, तिचं लग्न दारातच करायचं होतं. आम्ही बोलणीला गेलो. जागा बघताना आत्याबाई मागच्या अंगाला गेल्या आणि परत येऊन बापूसाहेबांना म्हणाल्या, "आबा, मांडव मोठा केलाय, चांगलं केलं. पण चुलाणाला ठेवलेली जागा उघड्यावर हाय. वारा लागला की जाळ टिकायचा न्हाई. ते शेजारचं अंगण कुणाचं? भिंतीचा आडोसा हाय, नळ बी दिसतोय."

चहा घेऊन आलेली अनुपमा म्हणाली, "आमच्या आप्पांचं."

बापूसाहेबांनी तिच्याकडं असं पाहिलं की ती ट्रे ठेवून आत गेली.

आत गेल्यावर बायकांकडून कळलं. सोपानराव हे बापूसाहेबांचे सख्खे धाकटे भाऊ. सोसायटीच्या निवडणुकीत दोघं दोन पॅनलमध्ये उभे राहिले, सभेत एकमेकांविषयी नको ते बोलले, आणि तेव्हापासून मधल्या भिंतीला दार नव्हतं. लग्नाचं आमंत्रण दिलं नव्हतं. अनुपमा लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून यात्रेला जायची.

आत्याबाई बाहेर आल्या. "आबा, मी इचारते आप्पांना."

"माझं नाव काढायचं न्हाई."

"न्हाई काढत. चुलाण माझं, जागा मी मागते. तुमचा काय संबंध?"

सोपानराव ओसरीवर पेपर वाचत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी घडी घातली. "भावानं पाठवलं का?"

मला वाटलं आत्याबाई आता काहीतरी गोड रचतील. त्या म्हणाल्या, "न्हाई आप्पा. त्यांनी तर त्यांचं नावच काढू नको म्हणून बजावलंय."

सोपानरावांना हसू आवरलं नाही. आत्याबाईंनी वाऱ्याचं सांगितलं, जाळाचं सांगितलं. "पोरीचं जेवण बिघडलं तर लोक तुमच्या भावाला नावं ठेवणार न्हाईत, मला ठेवतील. म्हणून आले." त्यांनी अंगणाकडं पाहिलं. मग म्हणाले, "अनू गोडात काय सांगती?"

"जिलबी."

"हां. जिलबीच सांगणार." ते उठले. "जागा घ्या. पण मी जेवायला येणार न्हाई, ते आधीच सांगतो."

"जेवायचं मी बोललेच न्हाई अजून," आत्याबाई म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी पहाटे आम्ही त्यांच्या अंगणात चुलाणं पेटवली. सोपानराव ओसरीवर. मग त्यांना सरपण चुकीच्या जागी ठेवलंय असं वाटलं, म्हणून ते खाली आले. मग त्यांनी खुर्ची खालीच आणून टाकली. उन्हं वर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "आप्पा, मी जरा पंगतीकडं जाऊन येते, तेवढं जिलबीकडं बघता का?" आणि त्या गेल्या त्या पुष्कळ वेळ आल्याच नाहीत. सोपानराव कढईपाशी उभे. पाक घट्ट झाला की ओरडायला लागले.

अक्षता पडल्यावर आत्याबाईंनी अनुपमाच्या कानात एवढंच सांगितलं की आप्पा मागं चुलाणापाशी आहेत. ती शालू सावरत, मुंडावळ्या बाजूला करत भिंतीच्या कडेनं आली आणि धुरात वाकून त्यांच्या पाया पडली. सोपानरावांचे हात पाकानं चिकट झालेले. ते हात तसेच हवेत धरून म्हणाले, "अगं, साडीला लागंल." आणि मनगटानंच तिच्या मुंडावळ्या नीट केल्या.

जिलबीचं ताट त्यांनी स्वतः उचललं. पंगतीत वाढत वाढत ते बापूसाहेब बसले होते तिथं आले. बापूसाहेबांनी वर पाहिलं, ताटात जिलबी पडू दिली. मग बापूसाहेब एक खुर्ची सरकून बसले आणि शेजारची रिकामी झाली. थोड्या वेळानं सोपानराव तिच्यावर बसून जेवले.

त्या दिवशी मांडवात आनंदाला पारावार राहिला नाही. बापूसाहेबांनी सगळ्यांसमोर आत्याबाईंना पुढं बोलावलं, साडी आणि नारळ हातात दिला. माइक त्यांच्या हातात होता. "आमच्या घराण्यात आजवर अशी आमटी कुणी खाल्ली न्हाई," ते म्हणाले. "काय हात हाय बाईचा!" टाळ्या पडल्या. आत्याबाईंनी साडी कपाळाला लावली आणि हसून नमस्कार केला.

आमटी भागुबाईंची होती. आदल्या दिवशी दुपारभर त्यांनी एकट्यानं मसाला भाजला होता, कुणाला हात लावू दिला नव्हता. टाळ्या ऐकून त्या पदरानं घाम पुसत मांडवाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना पाहिलं. त्या वळून परत चुलाणाकडं गेल्या आणि रिकामं पातेलं घासायला लागल्या. परतताना पिकअपमध्ये त्या गप्प होत्या, पण त्या नेहमीच गप्प असायच्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्याबाईंच्याही नाही.

पुढच्या कामाला भागुबाई आल्या नाहीत. निरोप आला की त्या दौंडला बहिणीकडं गेल्या. निरोप आणणाऱ्या बाईनं जरा चाचरत पुढचंही सांगितलं, "म्हणाल्या, आमटी आता तूच कर."

आत्याबाई हसल्या. "येईल चार दिवसांत," म्हणाल्या.

चार दिवस गेले, महिना गेला. न्हावऱ्याला एका बारशाचं काम होतं. आत्याबाईंनी पदर खोचला आणि आमटी स्वतः केली. लोक जेवले, कुणी काही बोललं नाही, घरच्या बाईनं पान-सुपारीही दिली. पण निघताना आमटीचं पातेलं अर्धं भरलेलं होतं. आत्याबाई त्या पातेल्याजवळ बसून राहिल्या. पाहुण्यांशी, वाढप्यांशी, कुणाशीच बोलेनात. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी मामंजींना सगळं सांगितलं. गेणबा धनगर म्हणजे आमचे मामंजी, दिवसाकाठी मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस. जेवता जेवता ते म्हणाले, "दुनियेला इचारती, तुमच्यात रुसणारं कोण म्हणून. आपल्यात कोण रुसलं ते कवा इचारलंस?"

आत्याबाईंनी ताट पुढं सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उठवलं, "दौंडला जायचंय. चल."

एसटीनं आम्ही दौंडला पोचलो. स्टेशनच्या पलीकडच्या एका गल्लीत भागुबाईंच्या बहिणीचं घर. बाहेरच्या पडवीत डब्यांची चळत. रेल्वेत नोकरी करणारी, घरापासून लांब राहणारी मुलं होती, त्यांना भागुबाई डबे द्यायला लागल्या होत्या. आम्हाला बघून त्या म्हणाल्या, "या," आणि मेथी निवडत राहिल्या. मला पाणी दिलं. आत्याबाईंनाही दिलं, पण त्यांच्याकडं न बघता.

आत्याबाई जवळ सरकल्या आणि सुपातला लसूण घेऊन सोलायला लागल्या.

"ही तुझी युक्ती मला ठावं हाय, तानू," भागुबाई म्हणाल्या. "माझ्याच उंबऱ्यावर शिकलीस तू ही."

आत्याबाईंनी लसूण खाली ठेवला. "युक्ती न्हाई. मला आज बोलायलाच येईना, म्हणून हाताला काम घेतलं."

भागुबाई थांबल्या. मी डब्यांकडं बघत बसले, कारण उठून जावं की नाही ते कळेना.

"त्या दिवशी साडी घेताना मला तुझी आठवण झाली व्हती," आत्याबाई म्हणाल्या. "झाली न्हाई असं म्हणले तर खोटं व्हईल. पण लोक बघत व्हते. टाळ्या वाजत व्हत्या. मला बरं वाटत व्हतं, भागू."

"मला साडी नको व्हती."

"ठावं हाय."

"तुला ठावं न्हाई." भागुबाईंचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "इतकी वर्सं झाली, येका घरात बी माझं नाव कुणाला ठावं न्हाई. ती आमटीवाली म्हणत्यात. ती गप बसणारी म्हणत्यात. हितं पोरं डबा न्यायला येत्यात तर भागुमावशी म्हणून हाक मारत्यात. तिकडं बिहारकडची पोरं हायेत ती. त्यांना माझं नाव घेता येतं, तुला येईना."

आत्याबाईंचे डोळे भरले. त्यांनी पुसले नाहीत. "व्हय," एवढंच म्हणाल्या. "चुकलं माझं."

भागुबाईंनी मेथीची जुडी सोडली. नंतर त्यांनी आम्हाला जेवायला वाढलं. आत्याबाईंनी दोनदा आमटी मागून घेतली. निघताना त्या दारात म्हणाल्या, "तुला न्यायला आले व्हते. पण हितं तुझं चांगलं चाललंय."

"चाललंय," भागुबाई म्हणाल्या. "मी येणार न्हाई, तानू. रागानं न्हाई सांगत."

परतीच्या एसटीत आत्याबाई खिडकीपाशी बसल्या. भीमेचा पूल ओलांडून गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "मीच तिला म्हणले व्हते, लोकांपुढं मी राहते. ती बिचारी राहिली चुलाणापुढं. आन् मी काय लोकांपुढून हललेच न्हाई."

मला वाटलं होतं गोष्ट तिथं संपली. पण त्याच उन्हाळ्यात माझ्या माहेरच्या गावातून, पारगावातून, एका लग्नाचा फोन आला. आत्याबाईंनी तो ऐकून घेतला, मग दौंडला फोन लावला. "भागू, पारगावला लग्न हाय. तुला जवळ पडंल. काम तू कर. तिकडच्या बायका घे, कमी पडल्या तर मी हितल्या धाडते. भांडी हनुमंत आणून टाकील."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "बोलणी पण तूच करायची. मी संगं येते. पण तोंड उघडणार न्हाई. प्रतिभाची आण."

माझी आण का, ते मी अजून विचारलेलं नाही.

ती बोलणी मी जन्मात विसरणार नाही. मोठी खोली, सतरंजीवर घरातली सगळी माणसं. भागुबाई पुढं, आम्ही दोघी मागं. भागुबाई पाणी प्यायल्या, त्यांनी भांडं ठेवलं आणि म्हणाल्या, "आमटी मी करते. बाकी तुमी सांगाल ते." आणि गप्प बसल्या. घरमालक बघतोय, त्याची बायको बघतेय. खोलीत पंख्याचा आवाज. आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडावर धरला होता आणि माझा दंड इतका घट्ट पकडला होता की वळ उठला.

कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. भागुबाई तिच्याकडं बघत होत्या. अचानक म्हणाल्या, "आजी, तुमाला दात हायेत का?"

म्हातारीनं तोंड उघडून दाखवलं. दोन होते.

"मग तुमच्यासाठी येगळी मऊ लापशी करते. वेलदोडा चालतो का जायफळ?"

"जायफळ," म्हातारी म्हणाली, आणि मुलाकडं वळून म्हणाली, "हिलाच सांग रं काम. मला आजवर कुणी इचारलं न्हाई." सगळे हसायला लागले. भागुबाईही हसल्या, आणि त्या हसल्यावर त्यांना पुढचं बोलता आलं.

बाहेर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "दात हायेत का म्हणून कुणी इचारतं व्हय गं?"

"तुला कुठं जमलं असतं?" भागुबाई म्हणाल्या.

आता दोन टोळ्या आहेत. भीमेच्या अलीकडची कामं आमची, पलीकडची भागुबाईंची. आमचा आमटीचा मसाला दौंडहून त्यांनी भाजलेला येतो, आणि आमच्या मांडवात कुणी आमटी नावाजली की आत्याबाई दौंडच्या भागुबाईंचं नाव सांगितल्याशिवाय पुढं जात नाहीत. कधी कधी तर समोरच्यानं आमटी चाखायच्या आतच सांगतात. मोठं काम निघालं की दोन्हीकडच्या बायका एका पिकअपमधून जातात आणि वाटेत इतकी भांडणं, इतकं हसणं चालतं की हनुमंत कानात इयरफोन घालून गाडी चालवतो. रोज सकाळी दोघींचा फोन असतो. त्यात निम्मा वेळ एकमेकींच्या चुका काढण्यात जातो. फोन ठेवल्यावर आत्याबाई म्हणतात, "लई बोलायला लागलीय आता," आणि चेहरा मात्र खुललेला असतो.

गेल्या हिवाळ्यात भागुबाईंच्या भाचीचं लग्न दौंडच्या एका मंगल कार्यालयात झालं. बहिणीनं दोघींना बजावून सांगितलं होतं की यंदा कढईला हात लावायचा नाही, पाहुण्यांसारखं बसून जेवायचं. स्वयंपाक उत्तरेकडचे चार आचारी करत होते. दोघी इस्त्रीच्या साड्या नेसून शेजारी शेजारी बसल्या. वरण जरा खारट होतं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि काही न बोलता खाल्लं.

ताटं उचलली गेल्यावर मला आत्याबाई कुठं दिसेनात. मागं जाऊन पाहिलं तर त्या मुख्य आचाऱ्यासमोर उभ्या होत्या. चांगला पन्नाशीचा मिशाळ गडी, घामानं थबथबलेला, घाबरून गेलेला. त्याला वाटलं बाई तक्रार घेऊन आल्या.

"भैया," आत्याबाई म्हणत होत्या, "तुम लोग सुबे से खडे हय. तुमने खाया क्या?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. तोवर भागुबाई मागून चार ताटं घेऊन आल्या होत्या आणि त्याला बाजूला सारून पातेल्यावरचं झाकण काढत होत्या.